बगळा कलतो, हरणाचा रंग सुटतो: अंगणातल्या सिमेंटच्या मंडळींचं काम कोणत्या क्रमाने करायचं

नागपुरात ज्यांच्या घरापुढे चार हात मोकळी जागा आहे, त्यातल्या अनेकांना तिथे काहीतरी उभं करायचं असतं. एका पायावरचा सिमेंटचा बगळा, मान वळवून बघणारं हरिण, लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी, लांब दाढीचा बुटका, टायर कापून केलेला हंस. पाहुणे नाक मुरडतात, मुरडू द्या. ज्याला हौस आहे त्याने बगळा आणावा आणि दिमाखात आणावा.

अडचण हौसेची नसते, कामाच्या क्रमाची असते. बहुतेक जण शनिवारी मूर्ती आणतात, त्याच संध्याकाळी मातीत टेकवतात, रविवारी रंगवतात आणि ती कलल्यावर ओट्याचा विचार करतात. मग पहिल्या पावसाळ्यानंतर त्याच तीन तक्रारी येतात: बगळा कलला, रंगाचे पोपडे निघाले, आतून डास निघतात. खरा क्रम असा: जागा, खरेदी, ओटा, वाळवण, डागडुजी, रंग, बसवणं आणि शेवटी मांडणी. यातली कोणतीही पायरी पुढे-मागे केली, तर तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

काम कधी काढायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कारण काळी माती. ती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. भर मे महिन्यात ओटा बांधलात, तर माती पूर्ण आकसलेली असते; जूनच्या मध्यावर पाऊस आला की ती फुगते आणि ओटा एका बाजूने वर उचलते. भर पावसाळ्यात बांधलात तर उलट, उन्हाळ्यात एक कोपरा खाली बसतो. पाऊस संपल्यावर माती मधल्या अवस्थेत येते, तेव्हा खोदा. रंगालाही हेच महिने मानवतात.

सगळ्या शहरात काळी मातीच आहे असं नाही, कुठे फूटभर खाली मुरूम लागतो. आपल्याकडे काय आहे ते उन्हाळ्यात कळतं: भेगेत बोट सहज जात असेल, तर पुढचं सगळं वाचा. हिवाळ्यात तपासायचं असेल तर मातीचा ओला गोळा करून सावलीत वाळवा. तो आकसून तडकला आणि दगडासारखा कडक झाला, तर ती काळी मातीच.

१. जागा ठरवा, मूर्ती अजून आणायची नाही

आधी फाटकाबाहेर जाऊन उभे राहा, मग घराच्या दारात, मग रोज चहा पिता त्या खुर्चीवर बसा. या तीन ठिकाणांहून जे दिसतं तिथेच मूर्ती ठेवायची. कोपऱ्यात झाडामागे लपवलेलं हरिण बघून लोकांना वाटतं की टाकाऊ सामान ठेवलंय.

जागा नक्की करण्यापूर्वी हे बघा:

- कूलर. नागपुरात निम्म्या मूर्तींचं वाटोळं कूलर करतो. खिडकीबाहेरच्या कूलरमधून ठिबकणारं पाणी चार महिने एकाच जागी जिरतं, तेवढीच माती फुगते आणि बगळा घराकडे पाठ करून कलतो. शिवाय बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ओघळ अंगावर येतात ते वेगळेच. कूलर, बागेचा नळ आणि गच्चीवरून येणारा पाइप यांपासून चार-पाच फूट लांब राहा.
- मोठं झाड. कडुनिंब, पिंपळ, उंबर यांची मुळं आसपासची माती कोरडी करतात. तिथे माती जास्तच आकसते. वर पक्ष्यांची वस्ती असते, खाली हरणाची पाठ. समजून घ्या.
- गाडीचा वळसा. स्कूटर काढताना आणि कार मागे घेताना चाक कुठून जातं ते प्रत्यक्ष बघा. चालायची वाट तीन फूट मोकळी राहिली पाहिजे.
- ऊन. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन झेलणाऱ्या जागी गडद रंग लवकर विटतो. रंग ठरवताना हे लागेल.

वास्तूचं काय ते तुमचं तुम्ही बघा. एक मात्र सांगतो: गणपती, कृष्ण, साईबाबा लॉनवर नकोत. पावसात चिखल उडतो, कुत्री येतात, आणि घरातली मोठी माणसं रोज बघून मनातल्या मनात कुढतात. देवाला देव्हारा आहे. अंगण बगळ्याचं.

२. खरेदी: रंगवलेली नको, कोरी घ्या

रस्त्याकडेला कुंड्या, तुळशीवृंदावन आणि मूर्ती विकणाऱ्याकडे गेलात, की तो चकचकीत रंगवलेलं हरिण पुढे करतो. कोरं मागितलं की हसतो. "कोरा कोन घेते जी? रंगवलेलाच नेते सारे." तरी कोरंच मागा. दुकानातला रंग बहुधा ताज्या सिमेंटवर थेट मारलेला असतो, आणि त्याखाली भेग आहे की नाही ते दिसत नाही. साच्यातून काढून किती दिवस झाले तेही विचारा. उत्तर गोलमोल आलं तर मूर्ती ताजी आहे असं धरून चाला.

माल ओळखायचा तो असा. सिमेंटची मूर्ती जड असते. नखाने ओरखडली तर काही निघत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची हलकी असते, नखाने पांढरी भुकटी निघते. ती बाहेर ठेवायची नाही, कितीही रंग चढवला तरी नाही, कारण एका पावसाळ्यात ती फुगते आणि चुरगळते. फायबरची हलकी आणि टिकाऊ असते, पण वादळात उडते. भाजक्या मातीची सुंदर दिसते, फक्त तिला घरात किंवा पडवीत ठेवा.

आता हात फिरवा. हरणाचे पाय, कान, शिंगं आणि बगळ्याची मान यांच्या आत लोखंडी तार किंवा सळई असते. सिमेंटचा थर पातळ असला की पाणी आत जातं, लोखंड गंजतं, गंजून फुगतं आणि सिमेंट आतून फोडतं. त्यामुळे तपकिरी डाग किंवा केसासारखी उभी भेग पायावर दिसली, तर ती मूर्ती सोडा. भाव कमी केला तरी सोडा. पाठीवरची भेग भरता येते, पायावरची भरून उपयोग नाही.

बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज आला तर उलटी करून खालचं तोंड बघा. उघडं असेल तर आतलं पाणी निघून जाईल. बंद असेल तर भोक पाडावं लागेल, ते पुढे येतं.

*जपा:* भरीव काँक्रीट एक घनफूट म्हणजे साधारण ६८ किलो. तीन फुटी हरिण एकट्याने उचलायचं नाही. धरायचं ते पोटाखाली आणि बैठकीला, कानाला किंवा मानेला कधीच नाही. छोट्या हत्तीतून, म्हणजे छोट्या टेम्पोतून, आणताना मूर्ती उभी ठेवू नका. जुन्या गादीवर आडवी करा आणि मानेखाली वाळूची पिशवी सरकवा.

३. ओटा: सगळा खेळ इथे आहे

लोकांना ही पायरी कंटाळवाणी वाटते. नुसती फरशी टाकून वर बगळा ठेवायचा मोह होतो. काळ्या मातीवर ती फरशी दोन पावसाळे नीट बसत नाही.

दीड-दोन फूट उंचीच्या छोट्या मूर्तीला एवढं लागत नाही. तिला फूटभर खड्डा, मुरूम आणि वर एक शहाबादी फरशी पुरते. अडीच-तीन फुटांपासून पुढच्या कोणालाही पूर्ण ओटा हवा.

खोदणं. मूर्तीच्या बैठकीपेक्षा चारही बाजूंनी सहा इंच जास्त लांब-रुंद खड्डा घ्या, खोली दीड ते दोन फूट. निघालेली काळी माती परत त्यात टाकायची नाही. ती बागेच्या वाफ्यात टाका, झाडांना ती आवडते.

भरणं. खड्डा मुरमाने भरायचा, पण एकदम ओतून नाही. सहा इंचांचा थर, थोडं पाणी शिंपडून धुमसाने (माती ठोकायच्या जड ठोकणीने) ठोकणं, मग पुढचा थर. मुरूम हाताने दाबला तर गोळा व्हावा, पाणी सुटू नये, इतकाच ओला हवा. सैल भरलात तर तो खड्डा जमिनीखालचा हौद होतो: आजूबाजूचं पाणी त्यात साठतं आणि तळाची काळी माती आणखी फुगते. म्हणजे मुरूम आणूनही काम उलटं. धुमस नसेल तर जाड लाकडी ओंडका चालतो, मात्र ठोकताना आवाज बोदा न येता टणक येईपर्यंत ठोका.

काँक्रीट. मुरमावर चार इंच जाडीचं १:३:६ मिश्रण, म्हणजे एक भाग सिमेंट, तीन भाग रेती, सहा भाग गिट्टी. ओट्याचा माथा जमिनीच्या वर किमान चार इंच यायला हवा. गवंड्याला कामाच्या आधीच सांगा, "दादा, पाणसळ लावून दाखवा." पाणसळ म्हणजे पातळी बघायचं साधन. त्याला राग येत नाही. न सांगितलं तर तो डोळ्याच्या अंदाजाने करतो, आणि बारीक पायाच्या बगळ्याला डोळ्याचा अंदाज पुरत नाही.

मधला भाग, जिथे मूर्ती बसणार, तो सपाट हवा. त्याच्या बाहेरची कड बोटभर उताराची, म्हणजे पाणी साचणार नाही.

पाणी मारणं. काँक्रीट ओतल्यावर दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा. हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं तरी चालतं. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारीही लागतं.

*तपासा:* सात दिवसांनी ओट्यावर एक बादली पाणी ओता. पाणी चारही बाजूंनी बाहेर गेलं पाहिजे. मध्ये डबकं राहिलं तर आताच सिमेंटने सारखं करा.

ओट्याभोवती फूटभर रुंदीची गिट्टी किंवा गोटे टाका, खाली जाड प्लास्टिक, उतार बाहेर. पावसाचा थेंब मातीवर आपटून चिखल वर उडवतो आणि हरणाच्या पायांना तपकिरी मोजे घालतो. गिट्टी असली की हे होत नाही.

गच्चीवर आणि फ्लॅटच्या बाल्कनीत हा ओटा नाही. तिथे जड सिमेंट ठेवूच नका, फायबर घ्या. ठेवायचंच असेल तर कॉलमच्या जवळ, भिंतीच्या कडेला, स्लॅबच्या मध्यावर कधीच नाही. वॉटरप्रूफिंगला भोक पाडायचं नाही, मूर्तीच्या बैठकीतच वाळू भरून वजन द्या. सोसायटीची परवानगी आधी घ्या. सामाईक जागेतल्या बगळ्यावरून झालेली भांडणं फार लांबतात.

४. वाळवण आणि धुणं

ओटा पक्का होतोय तोवर मूर्ती सावलीत, विटांवर उचलून ठेवा. जमिनीला टेकलेली मूर्ती खालून ओल ओढत राहते.

ताज्या सिमेंटला किमान २८ दिवस द्या. आतला चुना आणि ओल तोवर बाहेर येत असते. त्यावर आधी रंग मारलात, विशेषतः ऑइल पेंट, तर चुना रंगातल्या तेलाशी भिडतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. नागपूरचे बहुतेक पोपडे याच घाईचे असतात.

वाळल्यावर अंगावर पांढरी खारट पूड आली असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारून धुतलीत तर ती विरघळून परत आत जाते आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर येते. झाडूनही राहिली तर एक भाग व्हिनेगर आणि पाच भाग पाणी, ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. ते सिमेंटची कातडी खातं.

साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून आत तेल लावलेलं असतं. ते अंगावर राहिलं तर कोणताही रंग धरत नाही. कपड्यांच्या पावडरने आणि नारळाच्या काथ्याने घासून धुवा, तीन-चार दिवस वाळवा.

*तपासा, दोन गोष्टी:* पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर तेल आहे, पुन्हा धुवा. शोषला गेला तर ठीक. मग हातरुमालाएवढा प्लास्टिकचा तुकडा मूर्तीच्या पाठीवर चारही बाजूंनी टेपने बंद करा आणि एक दिवस ठेवा. आतून घाम आला तर ओल आहे, आठ दिवस थांबा.

*जपा:* जुन्या मूर्तीवर शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी लावा. पण ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर किंवा ॲसिड एकत्र कधीही नाही, एकामागोमागही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

५. डागडुजी

केसासारख्या भेगा आधी चाकूच्या टोकाने थोड्या रुंद करा. विचित्र वाटतं, पण बंद भेगेत मसाला जात नाही. भेग ओली करा, पाणी पुसा, मग सिमेंट आणि बारीक चाळलेली रेती १:३, त्यात पाण्याऐवजी अर्धं पाणी आणि अर्धं लॅटेक्स. हार्डवेअरच्या दुकानात वॉटरप्रूफिंगचं पांढरं दूध म्हणून मागितलं तरी मिळतं. साधं सिमेंट जुन्या सिमेंटला नीट धरत नाही, म्हणून हे.

गंजलेली सळई उघडी दिसली तर आजूबाजूचं सैल सिमेंट छिन्नीने काढा. तारेच्या ब्रशने सळई चमकेपर्यंत घासा, रेड ऑक्साइड प्रायमर लावा, वाळू द्या, मग वरचाच मसाला भरा. गंजावर थेट सिमेंट थापलंत तर पुढच्या पावसाळ्यात तीच जागा परत फुटेल.

तुटलेला कान इपॉक्सी पुटीने बसतो. पुटीचे दोन्ही भाग हाताने मळून एकसारखा रंग आला की लावा, आणि लगेच ओल्या बोटाने आकार द्या. वेळ कमी असतो, म्हणून आधी कानाकडे नीट बघून घ्या. तीन कानांचं हरिणही मी पाहिलं आहे, रंगवल्यावर ते लपलं नाही.

पोकळ मूर्तीचं तोंड बंद असेल तर आताच, रंगाच्या आधी, सर्वांत खालच्या बिंदूला बोट जाईल एवढं भोक पाडा.

६. रंग

आता खरी मजा. पण आधी वेळ. डिसेंबर-जानेवारीत रात्री दव पडतं, म्हणून शेवटचा हात दुपारी तीनच्या आत संपवा. संध्याकाळी मारलेला रंग दवाने पांढुरका पडतो. ऑक्टोबरात सकाळी अकरापर्यंत. हाताचा उलटा पंजा मूर्तीवर ठेवा. पाच-सहा सेकंद ठेववत नसेल तर ती रंगासाठी फार तापलेली आहे. तापलेल्या सिमेंटवर रंग चिकटण्याआधी वाळतो आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात.

काय घ्यायचं. बाहेरच्या भिंतीचा सिमेंट प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक इमल्शन. घरातल्या भिंतीचा उरलेला डिस्टेंपर नाही, तो पावसात वाहून जातो. ऑइल पेंट फक्त डोळे, चोच आणि टोपीवरच्या ठिपक्यांसाठी. तीन फुटी हरणाला दोन हात मारायला पाव लिटर इमल्शन पुष्कळ, त्यामुळे मोठा डबा घेऊ नका. एक पांढरा डबा आणि रंगाच्या छोट्या ट्यूब घेतल्या तर हव्या त्या छटा घरीच तयार होतात. गणपतीच्या आधीच्या दिवसांत चितार ओळीत मूर्तिकारांना काम करताना पाहा: ते आधी संपूर्ण मूर्तीला अंगाचा रंग देतात, मग वस्त्रं, मग दागिने, आणि डोळे अगदी शेवटी. तोच क्रम इथे.

क्रम असा. प्रायमरचा एक हात, पातळ, ब्रशने खाचांमध्ये घुसवून. सहा-आठ तास वाळू द्या. पूर्ण अंगाला सर्वांत फिका रंग. दुसऱ्या दिवशी मुख्य रंग, दोन पातळ हात, मध्ये चार तास. मग सावल्या: हरणाच्या पोटाखाली आणि मानेच्या वळणाला थोडा गडद रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने. मग ठिपके. ठिपक्यांना ब्रश नको. पेन्सिलच्या मागच्या रबराने दाबले की सगळे एकसारखे गोल येतात. आणि शेवटी डोळे.

डोळ्यांवर थोडं थांबतो, कारण सगळी मूर्ती तिथेच बिघडते. पांढरं, वाळू द्या, मग काळं बुबुळ, वाळू द्या, मग एकाच बाजूला वर पांढरा टिंब. दोन्ही डोळ्यांत तो टिंब एकाच दिशेला हवा, म्हणजे नजर एका जागी पडते. दोन दिशांना पडला तर हरिण तिरळं दिसतं. आणि बुबुळ पूर्ण गोल दिसेल असं काढू नका. वरचा थोडा भाग पापणीखाली जाऊ द्या. नाहीतर ते कायम दचकलेलं दिसतं, आणि सकाळी दूध आणायला निघालेला माणूसही.

रंग विटतो कोणता. नागपूरच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे चमकणारे फ्लोरोसंट रंग सर्वांत आधी मरतात. झगमगणारा गुलाबी बगळा वर्षभरात फिकट पिवळट होतो. मातीचे रंग टिकतात: गेरू, पिवळी माती, काळा, लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेले लाल-तपकिरी. म्हणून हरणाला काही होत नाही आणि फ्लेमिंगोला होतं. गुलाबीच हवा असेल तर पांढऱ्यात थोडा गेरवा लाल मिसळून केलेला घ्या. तो थोडा मळकट दिसतो, पण दोन वर्षांनीही तसाच दिसतो.

शेवटी बाहेरच्या वापराचा पारदर्शक ॲक्रिलिक कोट, एकच, पातळ. फर्निचरचं वॉर्निश लावू नका, ते उन्हात पिवळं पडून तडकतं.

*तपासा:* सात दिवसांनी एका लपलेल्या जागी टेप चिकटवा आणि झटक्यात ओढा. रंग टेपवर आला तर कुठेतरी ओल किंवा तेल राहिलंय. ते शोधल्याशिवाय मूर्ती बसवू नका.

७. बसवणं

वाळलेल्या ओट्यावर मूर्ती ठेवून आधी दोन-तीन दिवस नुसती बघा. दिशा बदलावीशी वाटली तर आता बदलता येते.

बसकी मूर्ती १:३ च्या पातळ मसाल्यावर बसवा. उंच आणि बारीक पायांच्या बगळ्याला ओट्यातली सळई लागते: बैठकीच्या खाली दोन जागी तीन-चार इंच खोल भोकं, तशीच ओट्यात, मध्ये १० मिलिमीटरची सळई आणि इपॉक्सी. ओळंबा (दोरीला वजन बांधलेलं, उभी रेघ बघायचं साधन) लावून दोन बाजूंनी तपासा. मे-जूनच्या वावटळीत फायबरची मूर्ती याशिवाय शेजारच्या छतावर सापडते.

पोकळ फायबरच्या तळात वाळू भरा, पण पूर्ण नाही, एक तृतीयांश पुरे. वाळू पिशवीत बांधून घाला, नाहीतर ओली होऊन भोक बुजवते.

८. मांडणी

फार लांबवत नाही. एका नजरेत एक नायक. मोठा बगळा असेल तर त्याच्याजवळ दुसरं काही उंच नको. खाली तीन अळंब्या चालतील. हरणाची जोडी असेल तर दोघांची तोंडं एकमेकांकडे किंवा दोघांची एकाच दिशेला, पाठमोरी कधीच नाहीत. सौर दिवा समोरून न टाकता बाजूने जमिनीजवळ ठेवा, म्हणजे सावली भिंतीवर पडते. सरळ समोरून टाकला तर रात्री फाटकातून डोळेच दिसतात.

घरातल्या मंडळींचंही इथेच. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाचा, लाकडी नंदी बाहेर ठेवू नका. पावसाने लाकूड फुगतं आणि वाळवी लागते. शोकेसमध्ये भिंतीपासून दोन बोटं सुटा ठेवा, पायाखाली कापड नको, कारण त्यात ओल राहते. वर्षातून एकदा, पोळ्याच्या आठ दिवस आधी, कोरड्या कापडाने पुसून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. तेल लावलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

टायरचा हंस: त्याचे नियम वेगळे

टायर नायलॉनचं जुनं घ्या. रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात. त्या कापताना हात कापतो आणि कापल्यावर टोकं बाहेर येऊन मुलांना लागतात. कापण्याआधी टायरवर खडूने पूर्ण आकृती काढा, मान आधी, पंख नंतर. चाकूला साबणाचं पाणी लावत राहिलात तर तो अडकत नाही.

रंग ॲक्रिलिकच. ऑइल पेंट रबरावर कडक होतो, टायर हलला की तडकतो. वाकवलेल्या मानेला आतून जाड तार लागते, नाहीतर मे महिन्यात रबर मऊ होऊन हंस मान टाकतो.

*जपा:* टायरच्या आतल्या कडेत पाणी अडकतं, आणि डेंग्यूच्या एडिस डासाला अशीच जागा हवी असते. अंड्यापासून डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून तळाला दर चार इंचांवर ड्रिलने भोक पाडा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा आत हात घालून बघा. टायरच्या कुंडीत पालेभाजी लावू नका, शोभेची झाडं लावा.

९. वर्षभराची निगा

जून लागण्याआधी: पोकळ मूर्तींची भोकं तारेने मोकळी करा, ओट्याभोवतीचा उतार बघा. कूलर सुरू केला असेल तर त्याचं ठिबकणारं पाणी नळीने लांब सोडा.

पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा पाणी साचतं का ते पाहणं, एवढंच. रंगाला हात लावू नका. पोपडा दिसला तरी ऑक्टोबरपर्यंत थांबा, कारण ओल्या सिमेंटवर केलेली डागडुजी टिकत नाही.

ऑक्टोबरात साबणाच्या पाण्याने धुवा, पायांवर तपकिरी डाग शोधा, पारदर्शक कोट पातळ झाला असेल तर नवा हात द्या. पूर्ण रंग सहसा तीन-चार वर्षांनी लागतो. तेव्हा जुना रंग घट्ट असेल तर फक्त पॉलिश पेपरने खरवडून त्यावरच मारा. सुटत असेल तर सगळा काढा. अर्धा काढून अर्धा ठेवला तर नवा रंग जुन्या कडेवरूनच सुटायला लागतो.

ओटा थोडा कलला असेल तर मूर्ती न काढता खाली पाचर ठोकून सरळ करू नका. मूर्ती काढा, ओटा एका बाजूने उकरा, मुरूम भरून परत ठोका. कलण्याचं कारण शोधा, बहुतेक वेळा जवळ कुठेतरी पाणी मुरत असतं: फुटका पाइप, नळाची गळती, शेजाऱ्याचा कूलर. शेजाऱ्याचा असेल तर एप्रिलमध्येच बोला, त्याने कूलर बसवायच्या आधी.